ट्रकचा पत्रा थांबेल, पॉलिसी थांबणार नाही

नागपुरातल्या दिघोरीच्या एका वाचकाचं पत्र आहे. लांबलचक आहे, म्हणून कामापुरतं देतो.

"वय ५८. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात फॅब्रिकेशनला होतो, तीस वर्षं पत्राच वाकवला. दीड महिन्यापूर्वी रिटायर झालो. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ४६ लाख आले. वडिलांचा १९६७ चा टाटा-मर्सिडीज ट्रक, नाकवाला, घरामागे उभा आहे. त्यावर ते काटोलची संत्री संत्रा मार्केटला आणत. तो पुन्हा उभा करतोय. पार्ट कुठंच मिळत नाहीत, म्हणून मडगार्ड, फ्लोअर, बॅटरी बॉक्स सगळं घरच्या शेडमध्ये बनवतोय. आतापर्यंत ४ लाख गेले. आता पातळ पत्र्याच्या वेल्डिंगचा टिग सेट, प्लाझ्मा कटर आणि चार फुटी बेंडिंग मशीन घ्यायचं आहे, २ लाख ६० हजार. एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? पुढं लोकांच्या जुन्या गाड्यांचे पार्ट बनवून महिना चाळीस हजार सहज निघतील. ट्रकही तयार झाला की पंधरा-अठरा लाखांना जाईल. बाकी चिंता नाही, ३ लाख बँकेनंच चांगल्या जागी लावून दिले, १५ टक्के आहे. कंपनीवाले आठवड्यातून दोन दिवस या म्हणतात, १२ हजार देतो म्हणतात, पण आता कोण जाते?"

भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि त्याच संध्याकाळी तुमच्याकडे आलो, हे तुम्हाला माहीत आहे. कारण तुमच्या प्रश्नाला घाई नव्हती, 'बाकी चिंता नाही' या वाक्याला होती. ३ लाखांना १५ टक्के देणारी 'चांगली जागा' बँकेत असती, तर ती बँक तुमच्या दारात आली नसती.

शेडमध्ये शिरलो तर भिंतीला पुठ्ठ्याचे साचे टांगलेले. केबिनच्या खालच्या कोपऱ्याचेच चार, एकावर पेन्सिलनं लिहिलेलं 'डावा, आतून, २ मिमी सोडणे'. १८ गेजचा पत्रा वाया जाऊ नये म्हणून माणूस आधी चार वेळा पुठ्ठा कापतो. आणि ३ लाखांच्या पॉलिसीचे कागद वेल्डिंग रॉडच्या डब्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेले! तुम्ही हसलात, मला हसू आलं नाही.

कागद वाचले. ती एफडी नाही, आयुर्विमा आहे. ३ लाखांचा हप्ता एकदा नाही, दहा वर्षं, म्हणजे ३० लाख. मग दोन वर्षं काहीच नाही. मग बारा वर्षं साडेचार लाख मिळणार आणि विषय संपला, मुद्दल वेगळी परत नाही. ३० लाखांवर साडेचार लाख म्हणजे १५ टक्के, असा पॉलिसी विकणाऱ्या बँकेच्या मुलाचा हिशेब. तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्यानं परत देऊन त्याला व्याज म्हणायचं, ही हातचलाखी मी वीस वर्षं बघतोय. पैसे कधी गेले आणि कधी आले हे धरून खरा दर काढला तर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास येतो. साध्या एफडीलासुद्धा यापेक्षा जास्त मिळतं.

पण दर ही लहान गोष्ट झाली. मोठी गोष्ट ही, की हप्ते भरणार कुठून? पगार बंद आहे. घरखर्च तुम्ही ३४ हजार सांगितला. पीएफबरोबरची ईपीएस पेन्शन साडेचार हजार, वरच्या खोलीचं भाडं सात हजार, म्हणजे महिन्याला साडेबावीस हजार कमी पडतात, वर्षाला २ लाख ७० हजार. हातात ३९ लाख उरलेत, ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षी घर भागतं. पण त्याच पैशातून दरवर्षी ३ लाखांचा हप्ता जाणार, व्याज कमी होणार आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढणार. मी कागदावर मांडून बघितलं: नवव्या वर्षी हंडा रिकामा, शेवटचा हप्ता भरायलाही पैसे नाहीत. पॉलिसीचं उत्पन्न सुरू होणार तुम्ही सत्तरीत गेल्यावर. मधली तीन वर्षं काय खाणार? मडगार्ड?

आणि अर्ज बघा. व्यवसाय : 'फॅब्रिकेशन उद्योजक'. वार्षिक उत्पन्न : १२ लाख. तुम्ही म्हणालात, "तो पोरगा शेड पाहून म्हणाला, काका, वर्कशॉप मस्त आहे, मी म्हटलं हो." बस, तेवढ्यावर रिटायर माणसाचा उद्योजक झाला, कारण रिटायर माणसाला दहा वर्षांचा हप्ता विकताना वरून प्रश्न विचारतात. खाली सही तुमची आहे. चूक त्याची, पण न वाचता सही तुमची.

आता सुटका. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती कारण सांगून परत करता येते, फ्री-लूक म्हणतात. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकी परत मिळतात. तुमची पॉलिसी ई-मेलवर आली त्याला मी आलो तेव्हा १९ दिवस झाले होते, उरले ११. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, शिक्का मारलेली पोचपावती घ्या, ई-मेलही करा. त्या मुलाच्या हातात देऊ नका. 'काका मी करून देतो' म्हणत तो बरोबर एकतिसावा दिवस गाठेल. 'चालू ठेवा, बोनस आहे' असा फोन येईल, 'नाही' म्हणा आणि ठेवा. कंपनीनं टाळाटाळ केली तर विमा लोकपालाकडे तक्रारीला पैसे लागत नाहीत.

दुसरी मुदत तुम्हाला माहीतच नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरच, असा समज आहे. पण ५५ ते ६० मधल्या निवृत्त माणसालाही ती उघडता येते, निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तुमचे दीड महिने ट्रकखाली गेले. कमाल ३० लाख. एप्रिल २०२३ मध्ये दर ८.२ टक्के झाला. सरकार दर तिमाहीला तो ठरवतं आणि खातं उघडताना असेल तो पाच वर्षं कायम राहतो. ८.२ नं ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, महिन्याच्या मापात साडेवीस हजार. पोस्टात जा, कंपनीकडून निवृत्तीचा आणि रकमेचा दाखला घेऊन जा.

तिसरं तुम्ही पत्रात लिहिलंच नाही, मी विचारलं तेव्हा वहिनींकडे बघितलंत. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम रिटायरमेंटच्या दिवशी संपला. आज तुम्हा दोघांवर एक रुपयाचं आरोग्य कवच नाही, आणि तुम्ही दिवसभर ग्राइंडर चालवता. जुन्या विमा कंपनीला विचारा, ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, म्हणजे आधीच्या आजारांना कवच मिळायच्या प्रतीक्षेत जुनी वर्षं धरली जातील. यातही उशीर नको. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. तरी दोघांचे पन्नास-साठ हजार वर्षाला धरून चाला.

म्हणजे पॉलिसीचे पैसे आले की हातात ४२. त्यातले ३० पोस्टात, ४ लाख एफडीत दुखण्याखुपण्याला, ७ लाख दहा वर्षांच्या नजरेनं बॅलन्स्ड फंडात (शेअर आणि कर्जरोखे दोन्हीत पैसे लावणारा म्युच्युअल फंड), कारण पोस्टाचे साडेवीस हजार वाढणार नाहीत आणि दूध वाढणार आहे. उरला एक. मेडिक्लेमचा हप्ता धरून महिन्याला चार-पाच हजार तरीही कमी पडतातच.

ते कुठून? हिंगण्याहून. आठवड्याचे दोन दिवस, महिना १२ हजार, आणि 'आता कोण जाते' म्हणे! भाऊ, तुमच्या हाताला बाजारात भाव आहे, तो तिथं आहे. शेडमधला चाळीस हजारांचा हिशेब तुम्हीच मोडलात. डाव्या मडगार्डला किती दिवस लागले, विचारलं तर म्हणालात, अकरा. म्हणजे महिन्यात दोन, फार तर अडीच. एकेकाचे वीस हजार देणारं गिऱ्हाईक नागपुरात किती? शिवाय घरच्या मीटरवर धंदा केला तर महावितरण वेगळं बिल लावू शकतं.

अठरा लाखांचंही तेच. २०२१ साली विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले, पन्नास वर्षांवरच्या. पण ते खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी मोटारींना आहेत. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. तुमच्या ट्रकचं आरसी बुक अजून वडिलांच्या नावावर, ते जाऊन सोळा वर्षं झाली, वारसाचा फॉर्म ३१ भरलेला नाही. चालवायचा तर आधी ते, मग आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट. कागद नसलेल्या गाडीला भंगारवालाच भाव करतो. विकायचा विचार सोडा. वडिलांचा ट्रक आहे, ठेवायला बनवताय, तेवढं पुरे आहे, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही.

आता तुमचा प्रश्न. एफडी मोडायची नाही, लोन तर नाहीच. बेंडिंग मशीन कशाला? मडगार्डचा बाक वाळूच्या पिशवीवर हातोडीनं आलाय, कड तारेवर वळवलीत, ते काम मशीनचं नव्हतंच. सरळ वाक फ्लोअरचे आणि बॅटरी बॉक्सचे, तुमच्याच मोजणीनं चाळीसही नाहीत. ते आणि कटिंग एमआयडीसीत जॉबवर्कनं करून घ्या, तिथं तुम्हाला ओळखत नाही असा माणूस नाही. मग प्लाझ्मा कटर आणि त्याला लागणारा कॉम्प्रेसरही सुटला. टिगचं पटलं, आर्कनं पातळ पत्र्याला भोकं पडलेली तुम्ही दाखवलीत. तो उरलेल्या एका लाखातून घ्या, जुना मिळाला तर उत्तम. त्यापुढचा ट्रकचा प्रत्येक रुपया हिंगण्याच्या १२ हजारांतून, घरचे चार-पाच दिल्यावर जो राहील तो. उजवं मडगार्ड दिवाळीऐवजी होळीला होईल.

शाखेतली पोचपावती मिळाली की फोटो पाठवा. तोवर टिगला लागणारा आर्गॉनचा सिलिंडरसुद्धा सांगू नका.