वनस्पतीच्या पेशीत प्रथिनाला कुठे जायचं ते कसं कळतं?

पत्ता प्रथिनाच्या अंगावरच असतो. पणजीच्या बसस्टँडवर कंडक्टर 'म्हापसा, म्हापसा' ओरडत माणसं गोळा करतो. पेशीत असं ओरडणारं कोणी नाही. अमिनो आम्लांच्या साखळीतला एक छोटा तुकडा हेच तिकीट. या संकेतांच्या शोधासाठी पेशीशास्त्रज्ञ ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

हरितलवकाची (पेशीत प्रकाशसंश्लेषण करणारा हिरवा भाग) बहुतेक प्रथिनं पेशीद्रवात तयार होऊन थेट आत खेचली जातात, तिकीट आत गेल्यावर कापलं जातं. रिक्तिकेची, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीची, वाट लांबची: आंतर्द्रव्यजालिका (पडद्यांचं जाळं), गॉल्गी (चपट्या पिशव्यांचे गठ्ठे), मग पुटिका (माल नेणाऱ्या इवल्या पिशव्या).

आपल्या उकड्या तांदळाचंच बघा. दाणा भरताना ग्लुटेलिन हे प्रथिन गॉल्गीमार्गे साठवणीच्या रिक्तिकेत पोचतं. प्रोलॅमिन हे दुसरं प्रथिन मात्र आंतर्द्रव्यजालिकेतच गोळे होऊन बसतं, पुढे सरकतच नाही. एकाच पेशीत दोन कोठारं! प्रोलॅमिनचे हे गोळे शिजवल्यावरही सहज पचत नाहीत, पेज कितीही मऊ करा.

आणि बारावीच्या पुस्तकातली आकृती जरा बाजूला ठेवा. तिथे गॉल्गी खिळा मारल्यासारखं दिसतं; वनस्पतीत त्याचे सुटे गठ्ठे अ‍ॅक्टिनच्या प्रथिनधाग्यांवरून पेशीभर फिरत असतात.