गोल बाल्कनीची त्रिज्या कशी काढायची? केंद्र तर भिंतीपलीकडे जातंय

अंबड एमआयडीसीत पाइप वाकवून देणारे तुमच्या रेलिंगसाठी त्रिज्या मागतायत आणि केंद्र हाती लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. केंद्राची गरजच नाही. जीवा आणि शर ही दोन मापं पुरतात.

कठड्याच्या आतल्या अंगाला, गोलाईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाइनदोरी ताणून बांधा. ही जीवा. तिच्या बरोबर मध्यावर गुण्या लावा आणि तिथून कठड्यापर्यंत मोजा. हा शर. समजा जीवा २४०० मिमी आणि शर २०० मिमी आला. अर्ध्या जीवेचा, म्हणजे १२०० चा वर्ग १४,४०,०००. त्याला शराने भागलं की ७२००, त्यात शर मिळवला की ७४००. हा व्यास. त्रिज्या ३७०० मिमी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त हेच सूत्र आहे. जीवेच्या मध्यातून काटकोनात जाणारी रेषा केंद्रातूनच जाते, आणि छेदणाऱ्या दोन जीवांच्या तुकड्यांचे गुणाकार सारखे असतात: १२०० × १२०० = २०० × ७२००.

चूक होते ती शर मोजताना. वरच्या मापात शर ५ मिमी जास्त धरला तर त्रिज्या ८५ मिमीने कमी येते. पण दोरी १२०० मिमीचीच घेतली, तर त्याच गोलाईचा शर फक्त ४९ मिमी भरतो, आणि तिथे तेवढीच चूक त्रिज्या तब्बल ३४० मिमीने हलवते. म्हणून दोरी लांबात लांब घ्या. आणि प्लास्टर झाल्यावरच मोजा.

गोलाई खरंच एका वर्तुळाची आहे ना, हेही बघा. मध्यापासून दोन्हीकडे ६०० मिमीवर दोरी ते कठडा १५१ मिमीच्या आसपास यायला हवं. डावी-उजवी मापं जुळली नाहीत तर गवंड्याने अंदाजाने वळण दिलंय; मग सूत्राच्या नादी लागू नका, सरळ प्लायचा फर्मा (गोलाईचा साचा) कापून द्या.

३७०० ही आतल्या कडेची त्रिज्या आहे. कठडा १५० मिमी जाड आणि पाइप मधोमध बसणार असेल, तर ऑर्डरवर ‘पाइपच्या मध्यरेषेची त्रिज्या ३७७५’ असं स्पष्ट लिहा. पाइपची लांबी साधारण २४९५ मिमी भरते, पण रोलिंगमध्ये, म्हणजे रोलरमधून पाइप वाकवताना, दोन्ही टोकं सरळच राहतात. त्यासाठी प्रत्येक बाजूला फूटभर जादा ठेवून नंतर कापा.