फवारणी, विषबाधा आणि केसपेपरवरचा शब्द

कपाशीला पात्या-फुले लागली की खानदेशात फवारणीचे पंप दिवसभर चालू राहतात आणि त्याच सुमारास या सदराकडे येणारी पत्रेही वाढतात. प्रश्न शरीराचे असतात, परंतु त्यांची उत्तरे केवळ दवाखान्यात मिळत नाहीत. काही केंद्राच्या कीटकनाशक नोंदणी समितीच्या निर्णयांत असतात, तर काही कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत.

माझे पती कपाशीवर फवारणी करून आले आणि त्यांना उलट्या, दरदरून घाम व डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास झाला. गावातील डॉक्टरांनी सलाईन लावून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी अशक्तपणा पुन्हा वाढला. असे पुन्हा झाले तर काय करावे? — एक भगिनी, चोपडा तालुका

सर्वप्रथम अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग आणि केस धुवावेत, कारण फवारणीत विषाचा मोठा भाग त्वचेतून शरीरात जातो आणि भिजलेला सदरा अंगावर असेपर्यंत ते शिरणे चालूच राहते. दूध किंवा तूप पाजू नये, मुद्दाम उलटी करवू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली, निदान तिचे लेबल, सोबत न्यावे. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंचे फडफडणे ही ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटातील विषबाधेची लक्षणे असून त्यावर अॅट्रोपिन हा उतारा आहे. केवळ सलाईन हा उपचार नव्हे. सर्वच कीटकनाशकांना असा उतारा नसतो, म्हणून घटकाचे नाव डॉक्टरांना कळणे फार मोलाचे ठरते. या गटाच्या विषबाधेत पहिली लक्षणे ओसरल्यावर एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वसनाचे स्नायू दुर्बळ होऊ शकतात. आपल्या पतींना दुसऱ्या दिवशी झालेला त्रास अंगावर काढण्यासारखा नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मी पहिले घेतले, ती सांगतो. केसपेपरवर काय लिहिले जाते ते त्याच वेळी वाचून घ्या. पोलीस चौकशीच्या भीतीने कुटुंबे फवारणीचा उल्लेख टाळतात, किंवा घाईत 'विष प्राशन' असे लिहिले जाते, आणि शेतात कष्ट करताना झालेली विषबाधा कागदावर आत्महत्येचा प्रयत्न ठरते. 'फवारणी करताना विषबाधा' हे शब्द, औषधाच्या घटकाचे नाव आणि तारीख यांची नोंद डॉक्टरांकडे आग्रहाने मागावी. औषध खरेदीचे पक्के बिल त्याच कागदांबरोबर ठेवावे. उधारीवर माल घेताना बिल मागणे अवघड वाटते, हे मी जाणतो, तरीही मागावे.

बाटलीवर निळा किंवा हिरवा त्रिकोण असेल तर ते औषध सुरक्षित समजावे का? — एक शिक्षक, धरणगाव

नाही. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा या त्रिकोणांचा उतरता क्रम फक्त तत्काळ विषारीपणाचा आहे. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी दगावण्यास किती मात्रा लागते, त्यावरून हा रंग ठरतो. दहा-पंधरा हंगाम तेच औषध हाताळणाऱ्याच्या मज्जासंस्थेचे काय होईल, गरोदर स्त्रीच्या गर्भावर काय परिणाम होईल, कर्करोगाचा धोका आहे का, यांतले काहीही तो रंग सांगत नाही.

हे प्रश्न विचारण्याची जागा आहे केंद्रीय नोंदणी समिती. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली ही समिती औषधाला परवानगी देते आणि सुरक्षिततेची माहिती प्रामुख्याने अर्जदार कंपनीच सादर करते. अन्य देशांत बंदी असलेल्या, परंतु भारतात वापरात असलेल्या ६६ कीटकनाशकांचा आढावा घेण्यासाठी केंद्राने २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली. त्यानंतर २०१८ मध्ये १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला. मे २०२० मध्ये आणखी २७ औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या भागातील प्रत्येक कृषी केंद्रात मिळणारी नावे होती: मोनोक्रोटोफॉस, अॅसिफेट, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस आणि केळीच्या करप्यावर मारले जाणारे मॅन्कोझेब. उद्योगाने हरकती घेतल्या, हरकतींसाठीची मुदत वाढली, पुनर्विचारासाठी दुसरी समिती आली आणि २०२३ मध्ये त्या २७ पैकी डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल या तिघांवर बंदी आली. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले. सत्तावीसपैकी तीनच का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला विचारला होता. मुलांच्या मेंदूच्या वाढीवरील परिणामांची चिंता लक्षात घेऊन युरोपीय संघाने २०२० मध्ये क्लोरपायरीफॉसला परवानगी नाकारली. तेथील मूल आणि अमळनेरचे मूल यांच्या मेंदूत काही फरक नाही. फरक आहे तो निर्णय घेणाऱ्यांच्या कानाशी कोण आहे याचा.

'चोर बीटी' कपाशीवर राऊंडअप मारतो. कर्करोग होतो हे खरे का? — एक तरुण शेतकरी, शिरपूर

राऊंडअप हे तणनाशक आणि त्यातील घटक ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याला 'मानवात बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवले. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्थांनी मात्र असा धोका संभवत नाही असे म्हटले. या मतभेदाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात असावी. २०१७ मध्ये अमेरिकेतील खटल्यांतून मोन्सँटो कंपनीचे अंतर्गत ई-मेल खुले झाले आणि शास्त्रीय लेख कंपनीच्या माणसांनी लिहून त्यावर बाहेरच्या शास्त्रज्ञांची नावे घालण्याची चर्चा त्यांत आढळली. पुढे मोन्सँटो विकत घेणाऱ्या बायरने २०२० मध्ये हजारो दावे मिटवण्यासाठी दहा अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तयारी दाखवली, दोष मात्र मान्य केला नाही. त्यामुळे ज्या पुराव्यावर विसंबायचे, तोच कोणी लिहिला हे विचारणे भाग आहे.

आपली अडचण आणखी मोठी आहे. भारतात ग्लायफोसेटला चहाच्या मळ्यांत आणि पिकाखाली नसलेल्या जमिनीवर वापरण्याची परवानगी होती, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फत वापरण्याचे बंधन घातले. तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे, म्हणजेच 'चोर बीटी', तर मान्यताप्राप्तच नाही. बेकायदा बियाण्याला बिल नाही, बिल नाही म्हणून तक्रार नाही, आणि उद्या प्रकृती बिघडली तर आपण काय वापरले हे आपणच लपवाल. तब्येतीचा विचार केल्यास, निंदणीची मजुरी कितीही महाग वाटली तरी हा मार्ग सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रावेरची केळी मुलांना द्यावी की नाही? — एक गृहिणी, भुसावळ

अवश्य द्यावी. साल काढण्यापूर्वी फळ धुवावे. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने मनाई आहे, तर इथिलीन वायूच्या रायपनिंग चेंबरला परवानगी आहे. केळीबाबत मला खाणाऱ्यापेक्षा बागेत फवारणाऱ्याची चिंता अधिक वाटते.

आमच्याकडे सालदार फवारणी करतो. त्याला काही झाल्यास शासनाची मदत मिळते का? — एक बागायतदार, यावल

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. परंतु ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. सातपुड्यातून येणारा भूमिहीन पावरा आदिवासी मजूर किंवा आपला सालदार तिच्या बाहेर राहतो. पाठीवर पंप मात्र त्याच्याच असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक जण दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, त्यांतही मजूर होते. तेव्हा मास्क आणि हातमोजे का घातले नाहीत, हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला. भाद्रपदातल्या दमट उन्हात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत ते घालून दिवसभर काम होत नाही, हे औषध विकणाऱ्यांनाही ठाऊक असते. आपण इतके तरी करावे: फवारणी सकाळी लवकर ठेवावी, तीही वाऱ्याच्या दिशेने, दोन-तीन औषधे एकत्र कालवू नयेत, बांधावर पाणी, साबण आणि कपड्यांचा दुसरा जोड ठेवावा, आणि सालदाराला काही झाल्यास दवाखान्याचा खर्च त्याच्या उचलीत धरू नये.

आमची ग्रामसभा ठराव करून एखादे औषध बंद करू शकते का? — एक सरपंच, नवापूर तालुका

कायद्याने नाही. कायमची बंदी केंद्राच्या हाती आहे. कीटकनाशक कायद्याच्या कलम २७ खाली राज्य शासन एखाद्या औषधाची विक्री ६० दिवसांपर्यंत थांबवू शकते आणि ती मुदत आणखी ३० दिवस वाढवू शकते. यवतमाळच्या घटनेनंतर राज्याने काही औषधांबाबत हा अधिकार वापरला होता. तथापि त्याआधीचे कलम २६ आपल्या अधिक उपयोगाचे आहे: विषबाधेची प्रत्येक घटना कळवण्याचे बंधन राज्य शासन अधिसूचना काढून घालू शकते. म्हणून ठराव बंदीचा न करता दोन मागण्यांचा करावा: जिल्ह्यातील सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांना हे बंधन लागू व्हावे आणि त्या नोंदी दर हंगामाअखेर ग्रामपंचायतीला मिळाव्यात. ठरावाला या वर्षी गावात झालेल्या विषबाधांची यादी जोडावी, त्यात रुग्णांच्या नावांऐवजी तारीख, पीक, औषधाचा घटक आणि दवाखाना एवढेच लिहावे, आणि एकेक प्रत जिल्हाधिकारी, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी व जिल्हा शल्यचिकित्सक यांना देऊन पोच घ्यावी.