सोनेरी बीट का उगवत नाही?

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात राहते. गणपतीच्या दिवसांत परसातील काळ्या मातीच्या वाफ्यात सोनेरी बीटचे ३० दाणे लावले, त्यांपैकी ७ ठिकाणीच कोंब आले आणि काही ठिकाणी एकाच जागी दोन-तीन रोपे दिसतात. शेजारच्या ओळीत लावलेले लाल बीट मात्र चांगले उगवले. बियाणे खराब असावे का?

उत्तर : बियाण्याला लगेच दोष देऊ नये. सोनेरी बीटची उगवण लाल बीटपेक्षा मुळातच कमी असते, आणि जमीन तापलेली असली किंवा वरचा थर कडक झाला असला, तर ही उणीव अधिकच जाणवते. आपल्या वाफ्यात बहुधा दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात. भाद्रपदात खान्देशातील जमीन अजून उष्ण असते, आणि जोराच्या सरीनंतर कडक ऊन पडले की काळ्या मातीवर जी पोपडी धरते, ती फोडून वर येणे या नाजूक कोंबांना जमत नाही.

म्हणून पुढील पेरणी ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर, म्हणजे दिवाळीच्या सुमारास करावी आणि नोव्हेंबरअखेर संपवावी. जमिनीचे तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस असताना बीट उत्तम उगवते, शिवाय कंद भरण्याचा काळ थंडीत येतो, ही मोठी सोय आहे. काळ्या मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून गादीवाफा करावा. ताजे शेणखत घालू नये, त्याने पाला माजतो आणि कंद फाटे फुटल्यासारखे वेडेवाकडे होतात.

आपण ज्याला एक दाणा म्हणता, तो वस्तुतः अनेक बियांचा जुडलेला गुच्छ असतो. एका जागी दोन-तीन रोपे आली ती त्यामुळेच. या गुच्छाच्या टरफलात उगवण रोखणारे घटक असतात, म्हणून दाणे रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि लगेच दीड ते दोन सेंटिमीटर खोल लावावेत. सोनेरी जातीसाठी दाणे नेहमीपेक्षा दाट टाकावेत. वर माती न दाबता चाळलेल्या शेणखताचा पातळ थर द्यावा, ओले गोणपाट अंथरावे आणि पहिला कोंब दिसताच ते काढून घ्यावे; एक दिवसाचा उशीरही कोंब पिवळे पाडतो. पाणी झारीनेच द्यावे.

रोपे बोटभर उंच झाल्यावर विरळणी करावी. जादा रोपे उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, कारण गुच्छातील मुळे एकमेकांत गुंतलेली असतात आणि एक ओढले की दुसरेही हलते. दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर ठेवावे. कापलेला कोवळा पाला टाकू नये. त्याची पालकासारखी भाजी फार चवदार होते. त्यानंतर ओळींमध्ये केळीच्या वाळक्या पानांचे आच्छादन केल्यास ओलावा एकसारखा टिकतो. कधी कोरडे, कधी ओलेचिंब असे झाले तर कंद तडकतात.

प्रश्न : या बीटने कोशिंबिरीचे दही रंगत नाही, हे खरे का?

उत्तर : होय. लाल बीटमधील तांबडे रंगद्रव्य यात जवळजवळ नसते, पिवळे तेवढे असते. त्यामुळे दही गुलाबी होत नाही, फार तर फिकट पिवळसर छटा येते. पेरणीपासून सुमारे दोन महिन्यांनी, कंद लिंबापेक्षा थोडा मोठा झाला की काढावा. त्यापुढे ठेवल्यास, विशेषतः फेब्रुवारीनंतर ऊन वाढू लागले की, तो धागेदार होतो.