हलत्या विषयांचे फोटो : मोबाइल कॅमेऱ्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीच्या शाळेचे कबड्डीचे सामने संध्याकाळी दिव्यांखाली होतात. दुपारच्या सरावाचे फोटो छान येतात, सामन्याचे मात्र सगळे हललेले. फोन बदलावा का? (सांगली)

उत्तर : आधी सेटिंग बदला. चढाईला आलेली खेळाडू सेकंदाला पाच मीटर वेगाने धावते असं धरलं, तर १/५० सेकंदात ती दहा सेंटिमीटर सरकते, १/५०० सेकंदात एकच. ऑटोवरचा फोन उजेड कमी झाला की शटर मंद करतो, म्हणजे एका फोटोसाठी उजेड जास्त वेळ आत घेतो, कारण त्याला फोटो उजळ आणि स्वच्छ हवा असतो. नाइट मोड तर सेकंदभर किंवा जास्त वेळ घेतलेल्या अनेक फ्रेम एकावर एक रचतो. तो बंदच ठेवा, नाहीतर एकाच खेळाडूला तीन हात दिसतील.

प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने ठरवता येतात) शटर १/५०० सेकंद आणि आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, १६०० ठेवून सुरुवात करा. फोटो काळा आला तर आयएसओ ३२०० करा. दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार फोटोत चेहरा ओळखू येतो. हललेल्या फोटोला नंतर काही इलाज नाही. मुख्य लेन्सच वापरा, कारण सहसा तिच्यातूनच सर्वांत जास्त उजेड आत येतो. कमी उजेडात ‘३ एक्स’ दाबलं तरी बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात.

फोटोवर काळसर पट्टे आले तर दोष दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि जलद शटर ते पकडतं. अशा मैदानावर १/१०० वर या. पट्टे जातील, पण पळती खेळाडू हललेली येईल, म्हणून क्षण निवडावा लागेल : बोनस रेषेपलीकडे पाय टाकून ती मागे वळते तेव्हा तिचं धड क्षणभर जवळजवळ थांबतं. बसण्याची जागाही महत्त्वाची. बाजूने आडवं पळणाऱ्यापेक्षा आपल्या दिशेने येणारी व्यक्ती फोटोत कमी हलते, तेव्हा बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, अंतिम रेषेच्या कोपऱ्याबाहेर बसा. निदान रेषेजवळ उभ्या असलेल्या कोणावर तरी बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि चढाई तिथे पोचण्याच्या किंचित आधी बटण दाबा.

आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर स्पीड हाताने ठरवता येत नाही. त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागतं.

प्रश्न : धावत्या गाडीच्या खिडकीतून काढलेल्या फोटोत विजेचे खांब तिरके येतात. शटर १/२००० केलं तरी तेच. (कल्याण)

उत्तर : येणारच. फोनचा सेन्सर सगळं चित्र एकदम वाचत नाही, एकेक ओळ वाचत जातो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर खांब पुढे सरकलेला असतो. शटर जलद केल्याने प्रत्येक ओळ स्पष्ट होते, वाचनाचा वेग वाढत नाही. ५० किंवा १०८ मेगापिक्सेलचा मोड लावला असेल तर काढा. त्यात वाचन आणखी रेंगाळतं. रुळालगतचे खांब सोडून दूरचा डोंगर, शेत टिपा, किंवा काटकोनात न रोखता फोन गाडीच्या दिशेने तिरका धरा. फोन उभा धरला तर खांब तिरके होत नाहीत, फक्त जाड किंवा बारीक होतात, आणि ते सहसा डोळ्यांत भरत नाही. फोन खिडकीच्या आतच ठेवा, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : मागचं सगळं धूसर आणि सायकलस्वार स्पष्ट, असा फोटो भर दुपारी जमत नाही. पांढराफेक येतो. (नाशिक)

उत्तर : या फोटोला शटर १/३० ते १/६० लागतं. बहुतेक फोनांच्या लेन्सचं छिद्र लहान-मोठं होत नाही, त्यामुळे कडक उन्हात आयएसओ ५० वर आणूनही एवढ्या मंद शटरला उजेड अतोनात होतो. लेन्सवर चिमट्याने लावायचा एनडी ६४ फिल्टर घ्या, तो उजेड ६४ पट कमी करतो. फिल्टर नको असेल तर सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं गाठा.

सायकल जिथे अगदी समोर येईल तिकडे पावलं रोखून उभे राहा, कंबरेतून वळून ती दूर असतानाच तिच्यामागे फोन फिरवायला लागा. बटण दाबल्यावरही फिरवणं थांबवू नका. बहुतेकांचा फोटो इथेच फसतो. मागे झाडं किंवा माणसांची गर्दी हवी, मोकळ्या आभाळावर रेघा उमटत नाहीत. अल्ट्रावाइड लेन्स टाळा. दहातला एखादाच जमेल, त्यामुळे सायकलस्वाराला फेऱ्या मारायला लावण्याची तयारी ठेवा.

प्रश्न : मुलांच्या उड्यांचे फोटो काढण्यापेक्षा व्हिडिओ काढून त्यातली एक फ्रेम घेतली तर? (पणजी)

उत्तर : दिवसा चालेल. ४के व्हिडिओची फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, अल्बममधल्या प्रिंटला भरपूर. पण ऑटोवर व्हिडिओचं शटर संध्याकाळी १/३० पर्यंत उतरू शकतं आणि मग प्रत्येक फ्रेम हललेली मिळते. सेकंदाला ६० फ्रेम ठेवल्या तर ते १/६० च्या खाली जाऊ शकत नाही. मुलांच्या उड्यांना तेही कमीच पडतं.