बंद होताना अडकणारा टॉमकॅट

प्रश्न : आमच्या आडत दुकानाच्या हिशोबपट्ट्या टॉमकॅट या वेब सर्व्हरवरील जावा अ‍ॅप्लिकेशनमध्ये तयार होतात. सोयाबीनच्या हंगामात शटडाउन स्क्रिप्ट चालवूनही जुनी प्रक्रिया संपली नाही, मात्र स्टार्टअप स्क्रिप्टने नवा सर्व्हर बिनतक्रार सुरू झाला आणि शेतकऱ्यांना पट्टीचे एसएमएस दोनदा गेले. दर वेळी किल -९ (प्रक्रिया तत्काळ सक्तीने मारणारा आदेश) वापरावे काय? – एक वाचक, लातूर

उत्तर : दोनदा गेलेल्या एसएमएसमध्येच बिघाडाची खूण आहे. थांबण्याचा आदेश मिळताच टॉमकॅट आपले पोर्ट (जोडण्या स्वीकारण्याचा क्रमांक) सोडतो, म्हणून नवा सर्व्हर त्याच ८०८० पोर्टवर सुरू होऊ शकतो. परंतु शेवटचा नॉन-डीमन थ्रेड (प्रक्रियेला जिवंत धरून ठेवणारा कामाचा धागा) संपेपर्यंत जुनी जावा प्रक्रिया जिवंत राहते, आणि एसएमएस पाठवणारे वेळापत्रकाचे काम बहुधा अशाच थ्रेडवर चालत असल्याने ते दोन्हीकडे चालू राहिले असावे.

किल -९ ची घाई करू नये. त्यात अ‍ॅप्लिकेशनला आवराआवरीची संधीच मिळत नाही. डेटाबेस अपुरा व्यवहार मागे घेईल, पण एसएमएस गेला आणि त्याची नोंद व्हायची राहिली, तर तो पुन्हा जाईल. शेतकऱ्याच्या पैशाशी संबंधित कामात ही जोखीम पत्करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रक्रिया अडकलेली असतानाच, टॉमकॅट ज्या युजरच्या नावाने चालतो त्याच युजरने, जावाच्या जेस्टॅक या साधनाने थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणीच्या सर्व थ्रेडची यादी, घ्यावा. त्यात ‘डिस्ट्रॉयजावाव्हीएम’ हा थ्रेड दिसला, तर मुख्य थ्रेड संपून प्रक्रिया इतरांची वाट पाहत आहे असे समजावे. अ‍ॅप्लिकेशनच्या ज्या थ्रेडपुढे ‘डीमन’ हा शब्द नाही तो अडवणारा. त्याचे नाव ‘पूल-१-थ्रेड-१’ अशा धर्तीचे असेल, तर प्रोग्रामरने एक्झिक्युटर (थ्रेडकडून कामे करून घेणारी यंत्रणा) उघडून तो बंद केलेला नाही. डंप जपून ठेवल्यावर -९ शिवायचा साधा किल द्यावा. अशा वेळी बहुधा तेवढाच पुरतो.

कायमचा उपाय कोडमध्येच करावा लागेल. सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनरच्या (अ‍ॅप्लिकेशन सुरू वा बंद होताना चालणाऱ्या कोडच्या) ‘कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइड’ पद्धतीत एक्झिक्युटरला शटडाउन सांगावे, हातातले काम संपण्यासाठी ठरावीक सेकंद थांबावे आणि तरीही ते न संपल्यास चालू काम थांबवायला सांगणारे शटडाउननाऊ वापरावे. तोवर कॅटालिना_पीआयडी हा व्हेरिएबल (प्रक्रियेचा क्रमांक कोणत्या फाइलमध्ये ठेवायचा ते सांगणारा) जरूर ठेवावा, म्हणजे जुनी प्रक्रिया जिवंत असताना स्टार्टअप स्क्रिप्ट दुसरी सुरू करणार नाही. पुढे ही सेवा सिस्टमडीकडे (लिनक्समधील सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेकडे) सोपवल्यास, ते सामान्यतः ९० सेकंदांनंतर प्रक्रिया सक्तीने मारते, म्हणून वरील थांबण्याची मुदत त्याहून बरीच कमी ठेवावी.