खांदा तापला की औत सोडायचं

तुम्ही विचारलंय, "रोज बारा-तेरा तास काम चालतं, अजून आजारी पडलेलो नाही. सुट्टी घेतली की अपराधी वाटतं. पार कोलमडण्याआधी थांबायची वेळ आलीय, हे ओळखायचं कसं?"

मी कराडकडच्या एका खेड्यात वाढलो, आता कर सल्लागार म्हणून काम करतो. याचं उत्तर मला लहानपणीच दिसलं होतं, पण कळायला चाळिशी उजाडावी लागली.

संध्याकाळी औत सोडलं की वडील आधी बैलांच्या मानेवर, जू टेकतं तिथं, तळहात ठेवायचे. कातडी गरम लागली किंवा जरा दाबल्यावर बैलानं अंग चोरलं, की दुसऱ्या दिवशी तो बैल गोठ्यात. जखम काहीच दिसत नसायची, बैल चालायचाही नीट. ऐन पेरणीत, वाफसा निघून चाललेला असताना त्यांनी असा बैल बांधून ठेवला, तेव्हा मी म्हणालो, "चालतोय की चांगला!" ते म्हणाले, "चालतोय तवर सोडायचा. खांदा फुटल्यावर सोडून काय उपयोग?" या दुखण्याला खांदेसूज म्हणतात. दुर्लक्ष झालं तर गाठ धरते, पू होतो, कधी डॉक्टरांना चिरून काढावी लागते, आणि बैल कितीतरी दिवस जुंपता येत नाही.

"अजून आजारी पडलेलो नाही" हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला तो चालणारा बैल आठवला.

माझा खांदा फुटला २०१७ साली. १ जुलैला जीएसटी लागू झाला. पोर्टल अडकायचं, व्यापारी घाबरून रात्री दहालाही फोन करायचे, आणि त्यातच ऑडिटचा सीझन. ३० सप्टेंबरची मुदत वाढून ३१ ऑक्टोबर झाली तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि मिळालेल्या महिन्यात विश्रांती घ्यायचं सोडून आणखी फायली घेतल्या. ही चूक मी आजही आजूबाजूला पाहतो.

तेव्हा माझ्यात काय बदलत होतं, ते नंतर आठवून वहीत लिहिलं. एकच आकडा तीन-तीनदा वाचायचो. ज्या म्हाताऱ्या दुकानदाराशी गप्पा मारायला मला मनापासून आवडायचं, त्याचं नाव फोनवर दिसलं की कपाळाला आठी पडायची. एका अशिलाचा कर भरताना चलनावर असेसमेंट इयर, म्हणजे कर-आकारणीचं वर्ष, चुकीचं टाकलं. अशी चूक मी पूर्वी कधी केली नव्हती. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रविवारी दिवसभर झोपूनही सोमवारी तसाच उठायचो. डिसेंबरात एका सकाळी ऑफिसच्या दारात किल्ली हातात धरून उभा राहिलो, कुलूप काही उघडवेना. पुढचे दोन महिने निम्मं काम एका मित्रानं ओढलं. त्याचे उपकार विसरणार नाही.

साधा थकवा आणि हे यातला फरक मी असा धरतो: थकवा झोपेनं उतरतो. सलग दोन रविवार खरी विश्रांती घेऊनही उतरला नाही, तर खांदा तापलाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात तीन गोष्टी आहेत. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि हातून पूर्वीसारखं काम न होणं. माझ्या वहीत तिन्ही होत्या, फक्त मी त्यांना 'सीझन आहे' असं नाव दिलं होतं.

आता मुख्य मुद्दा. हे स्वतःचं स्वतःला वेळेवर कळेल, या भरवशावर राहू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचण्यांत ती अख्खी एक रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी ढेपाळली होती. पण त्यांना विचारलं तर आपण फारसे पेंगुळलेलो नाही असंच त्यांना वाटत होतं. बैल स्वतःचा खांदा चाचपत नाही. तळहात दुसऱ्याचा लागतो.

माझ्याकडे ते काम बायको करते. "आज तुम्ही लेकीवर उगाच ओरडलात," असं ती एका आठवड्यात दुसऱ्यांदा म्हणाली, की पुढचा एक दिवस ऑफिस बंद, कारण विचारायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. संध्याकाळी सातनंतर मी कुणाचंही चलन भरत नाही. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न गेलं की त्यानंतरचा रविवार फोन कपाटात. नोकरीत एवढी मोकळीक नसते, हे मला मान्य आहे. पण निदान एक माणूस नेमा, घरचा किंवा शेजारच्या टेबलावरचा, आणि त्याला सांगून ठेवा की माझ्यात काय बदललं तर मला टोकायचं.

अपराधी वाटण्याबद्दल. आपल्याकडे रविवारची सुट्टी आपसूक आलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी ती लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केली. ते कामगार आळशी होते असं तुम्ही म्हणाल का?

झोपच येत नसेल, दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर सुट्टीवर भागवू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.

आणि या रविवारी लॅपटॉप ऑफिसातच ठेवून या. सोमवारी उठल्यावर कसं वाटलं ते इथं लिहा, मी वाचेन.